कपकेक खाणारा कोच

बिल स्नायडरचं नाव काढलं की अमेरिकन माणूस आधी कौतुक करतो आणि मग 'पण' म्हणतो. "मोठा कोच होता, पण खेळायचा कोणाशी ते बघ." हा 'पण' मी गेली चार वर्षं ऐकतोय. आमचा क्लायंट तिकडच्या मिडवेस्टमधला. सप्टेंबर लागला की सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं शनिवारच्या मॅचेसमध्ये जातात आणि पुण्यात रात्री साडेआठला, जेवण लांबवून, आम्ही ते ऐकत बसतो. त्यातूनच मला या खेळाचा नाद लागला. टीममध्ये नेब्रास्काचा एक आर्किटेक्ट आहे. माणूस सज्जन, कोड रिव्ह्यू मनापासून करतो, पण स्नायडरचा विषय निघाला की त्याच्या तोंडी एकच शब्द: कपकेक. हा लेख त्याच्या विरोधात आहे. त्याला मराठी येत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलंय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे मेस्सीचं फुटबॉल नव्हे. डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड, अंडाकृती चेंडू. संघ विद्यापीठांचे आणि मोठ्या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये लाखभर माणसं. सगळ्यांत वरच्या विभागात शंभराहून जास्त संघ आणि मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला अकरा-बारा मॅचेस. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. बहुतेक मॅचेस आपापल्या गटात ठरलेल्या असतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. उरलेल्या तीन-चार कोणाशी खेळायच्या ते विद्यापीठ स्वतः ठरवतं. सगळी गोम इथे आहे. उद्या रणजीत मुंबईला सांगितलं की तीन मॅचेस तुमच्या मर्जीच्या, तर मुंबई तिन्ही वेळा कर्नाटकाला बोलावेल असं तुम्हाला वाटतं का?

मग मोठं विद्यापीठ काय करतं, तर एखाद्या छोट्या विद्यापीठाला चांगली रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतं, साठ गुणांनी धुतं आणि परत पाठवतं. याला म्हणतात बाय गेम. विकत घेतलेली मॅच. आणि जो धुतला जातो तो कपकेक. एका घासात संपणारा.

आता स्नायडर. १९८८ च्या शेवटी तो कॅन्सस स्टेट विद्यापीठात आला तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता आणि आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय या कोचच्या हाताखाली आक्रमणाची बाजू सांभाळत होता. मुख्य कोचची मोठी नोकरी त्यानं तोवर केलेली नव्हती. कॅन्सस स्टेटचं गाव मॅनहॅटन. न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांतलं. या संघाची अवस्था काय होती? वरच्या विभागात पाचशे मॅचेस हरलेला पहिला संघ. कॉन्फरन्सचं विजेतेपद शेवटचं मिळालं होतं १९३४ साली. मोसमाअखेर चांगल्या संघांना ज्या 'बाउल' मॅचेसचं आमंत्रण मिळतं, तसं आमंत्रण अख्ख्या इतिहासात एकदा, १९८२ मध्ये, आणि तिथेही हार. स्नायडर आला तेव्हा संघानं दोन वर्षांत एकही मॅच जिंकलेली नव्हती. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'नं १९८९ मध्ये या विद्यापीठावर एक लांबलचक लेख छापला. त्याचा सूर असा, की देशातला सगळ्यांत वाईट संघ बघायचा असेल तर इकडे या.

हरण्याची सलग मालिका तीस मॅचेसपर्यंत गेली होती, मधली एक बरोबरी धरून. त्यानंतर ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्सासचा संघ मॅनहॅटनमध्ये आला. नॉर्थ टेक्सास तेव्हा खालच्या विभागातला संघ, म्हणजे शब्दकोशातल्या व्याख्येनुसार कपकेक. आणि कॅन्सस स्टेट त्याच्याविरुद्ध शेवटच्या क्षणाला टचडाउन करून जिंकलं. २० विरुद्ध १७. त्या मोसमातला तो एकमेव विजय. बाकी दहा हार.

माझ्या आर्किटेक्ट मित्राला मी हीच मॅच परत परत दाखवतो. तू ज्याला कपकेक म्हणतोस तो स्नायडरच्या संघाला घड्याळाचा शेवटचा सेकंद संपेपर्यंत गिळता येत नव्हता. दुबळा प्रतिस्पर्धी म्हणजे कोणाच्या तुलनेत दुबळा? नेब्रास्काच्या तुलनेत असेल. नेब्रास्कानं तोवर देशाची विजेतेपदं घरी नेली होती. ज्या पोरांनी कॉलेजात आल्यापासून विजय नावाची गोष्टच पाहिलेली नाही, त्यांना तू मोसमाच्या पहिल्याच शनिवारी कोणाशी लढवणार होतास?

स्नायडरचं डोकं सरळ होतं. कॉन्फरन्समध्ये नेब्रास्का, ओक्लाहोमा, कोलोरॅडो हे दरवर्षी येणारच, त्यांच्यापासून सुटका नाही. मग ज्या मॅचेस आपल्या हातात आहेत त्या जिंकता येतील अशा घ्यायच्या. चार विजय खिशात पडले की कॉन्फरन्समधले दोन-तीन जोडून बाउलचं आमंत्रण येतं. आमंत्रण आलं की डिसेंबरात सरावाचे जादा आठवडे मिळतात, टीव्हीवर नाव येतं, पुढच्या वर्षी बरी पोरं येतात. तोवर कॅन्ससच्या आणि आसपासच्या ज्युनियर कॉलेजांतून, जिथे मोठी विद्यापीठं ढुंकून बघत नाहीत, तिथून खेळाडू आणायचे. १९९० मध्ये पाच विजय, १९९१ मध्ये सात, १९९३ मध्ये नऊ आणि कॉपर बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध ५२-१७. विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बाउल विजय. १९९७ मध्ये अकरा विजय आणि फिएस्टा बाउल. आठ-नऊ वर्षांत एवढी चढण या खेळात दुसऱ्या कोणी चढल्याचं मला तरी दिसत नाही.

माझा पक्षपात इथेच सांगून टाकतो. मी ज्या कॉलेजातून इंजिनिअर झालो त्याचं नाव इंटरव्ह्यूत सांगितलं की समोरचा ते परत विचारायचा. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या दोन आणि एक कॉल सेंटर. पहिली नोकरी मला अशा कंपनीत मिळाली जिथे कोणीही घेतलं असतं, आणि तिथल्या दोन वर्षांच्या जोरावर दुसरी. पुढे एकदा पॅनेलवरच्या एका मोठ्या कॉलेजवाल्यानं माझा रेझ्युमे वाचून हसत म्हटलं, "सुरुवातीला सोपीसोपी कामं केलेली दिसतायत." हो, केली. अवघड कामं द्यायला दारात कोण उभं होतं? तेव्हा 'सोप्या मॅचेस खेळून वर आला' हे वाक्य मी कोणाच्याही तोंडून शांतपणे ऐकू शकत नाही. वाचताना एवढं सोडून द्या आणि पुढचे आकडे बघा. आकड्यांना माझं कॉलेज माहीत नाही.

सगळा आरोप १९९८ च्या मोसमावर उभा आहे, त्यामुळे तिथे जरा थांबू.

त्या वर्षी कॅन्सस स्टेटच्या कॉन्फरन्सबाहेरच्या तीन मॅचेस अशा: इंडियाना स्टेटविरुद्ध ६६-०, नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध ७३-७, नॉर्थईस्ट लुइझियानाविरुद्ध ६२-७. एकूण २०१ विरुद्ध १४. हे आकडे लाजिरवाणे आहेत, मी कबूल करतो, आणि त्यांच्याकडे मी परत येणार आहे. पण याच मोसमात याच संघानं टेक्सासला ४८-७ असं लोळवलं. टेक्साससाठी धावणारा रिकी विल्यम्स त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला. स्नायडरच्या पोरांनी त्याला ४३ यार्डांत बांधून ठेवलं. नोव्हेंबरात नेब्रास्काला ४०-३० हरवलं, १९६८ नंतर पहिल्यांदा. माझा मित्र तेव्हा शाळेत होता आणि त्या रात्री तो जेवला नाही, असं त्याची बायको सांगते. अकरा मॅचेस, अकरा विजय. कोचेसच्या मतदानात देशात पहिला क्रमांक.

आणि तरीही बीसीएसच्या यादीत तिसरा. बीसीएस म्हणजे त्याच वर्षी सुरू झालेली पद्धत, पहिल्या दोन संघांना अंतिम सामन्यात आणण्यासाठीची. तिचा फॉर्म्युला एखाद्या नवशिक्यालाही तासाभरात लिहिता येईल. चार संख्यांची बेरीज, कमी तितकं चांगलं: मतदानातल्या क्रमांकांची सरासरी, कॉम्प्युटर क्रमवारीची सरासरी, हरलेल्या मॅचेस आणि वेळापत्रकाची कठीणता. कठीणतेत तुमचा क्रमांक जो असेल त्याला पंचवीसनं भागायचं. म्हणजे तुमचं वेळापत्रक देशात पंचविसावं असेल तर एक गुण वाढला, आणि एक मॅच हरलात तरी वाढायचा एकच गुण. हे नीट बघा. सोपे प्रतिस्पर्धी घेण्याचा दंड फॉर्म्युल्यात छापील होता. कॅन्सस स्टेटनं तो भरला आणि पहिल्यावरून तिसऱ्यावर गेलं. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नियम आधी सांगितला, सगळ्यांना सारखा लावला.

तक्रार पुढची आहे. ५ डिसेंबरला सेंट लुइसमध्ये कॉन्फरन्सची अंतिम मॅच झाली, टेक्सास ए अँड एमशी. त्याच दिवशी दुसऱ्या क्रमांकाचं यूसीएलए मायामीकडून हरलं. म्हणजे कॅन्सस स्टेटनं ही एक मॅच घेतली की देशाच्या अंतिम सामन्यात. शेवटचं क्वार्टर सुरू झालं तेव्हा ते २७-१२ असे पुढे होते. ए अँड एमनं बरोबरी केली, मॅच दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत गेली आणि तिथे ३६-३३ नं हार. हार ती हार, अंतिम सामना गेला. पण ही हार मोजून झाल्यावरही बीसीएसच्या शेवटच्या यादीत कॅन्सस स्टेट तिसरंच होतं. वेळापत्रकाचा दंड धरून, पराभवाचा दंड धरून, देशात तिसरं.

अंतिम सामन्याखेरीज तीन मोठे बाउल होते. सहा जागा. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला एकही मिळाली नाही. ऑरेंज बाउलनं फ्लोरिडाला घेतलं, आठव्या क्रमांकावरच्या, दोन मॅचेस हरलेल्या. बरं, मोठे बाउल सोडा. कॉटन बाउलनं टेक्सासला नेलं, ज्यांना स्नायडरनं ४८-७ हरवलं होतं. हॉलिडे बाउलनं नेब्रास्काला नेलं, ज्यांना ४०-३० हरवलं होतं. कॅन्सस स्टेट पार खाली, सॅन अँटोनियोच्या अलामो बाउलमध्ये. तिथे ड्रू ब्रीझच्या परड्यूकडून ३७-३४ असे हरले आणि सगळे टीकाकार 'बघा, म्हणालो नव्हतो' म्हणायला मोकळे झाले.

आजही विचारलं तर उत्तर मिळतं, त्यांनी कपकेक खाल्ले होते ना, म्हणून. ठीक. मग ऑरेंज बाउलमध्ये गेलेल्या फ्लोरिडाचं १९९८ चं वेळापत्रक उघडा. पहिली मॅच सिटाडेलशी, खालच्या विभागातल्या लष्करी कॉलेजशी, ४९-१०. दुसरी मॅच ४२-१०. कोणाशी? नॉर्थईस्ट लुइझियानाशी. तोच संघ, तोच सप्टेंबर. फ्लोरिडानं खाल्ला तो सराव आणि कॅन्सस स्टेटनं खाल्ला तो भ्याडपणा.

फ्लोरिडा दरवर्षी फ्लोरिडा स्टेटशीही खेळतं, टेनेसीशीही खेळतं, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. त्यांचं एकूण वेळापत्रक अवघडच होतं. पण ते अवघड असल्याचं श्रेय फॉर्म्युल्यानं त्यांना देऊन झालं होतं, आणि ते देऊनही ते आठवे होते. त्यानंतर त्यांना उचलून वर ठेवलं ते नावानं. बाउल चालवणाऱ्या कमिट्यांना तिकिटं विकायची असतात, चॅनेलला प्रेक्षक हवे असतात, आणि 'फ्लोरिडा' हे नाव 'कॅन्सस स्टेट'पेक्षा जास्त विकतं. धंदा म्हणून हे समजू शकतं. पण मग धंदा म्हणा. त्याला वेळापत्रकाची नैतिकता म्हणू नका. पुढच्या मोसमापासून नियमच बदलला: तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला मोठ्या बाउलमध्ये जागा द्यायचीच. लोक त्याला आजही कॅन्सस स्टेटचा नियम म्हणतात. वेळापत्रकच दोषी असतं तर नियम वेळापत्रकाचा झाला असता, नाही का?

आणि मोठ्यांचे कपकेक कोणी मोजतं का? अलाबामाची नोव्हेंबरातली जुनी चाल बघा: मोसमाच्या ऐन शेवटी, ऑबर्नशी असलेल्या मोठ्या मॅचच्या आधीचा शनिवार, खालच्या विभागातला पाहुणा. २०१८ मध्ये पहिल्या क्रमांकावर असताना त्यांनी सिटाडेललाच बोलावलं. मध्यंतराला १०-१० होतं, मग ५०-१७ जिंकले. निक सेबनच्या वारशावर कोणी त्यावरून 'पण' लावलेला मी ऐकला नाही.

स्नायडरच्या बाजूनं आणखी एक गोष्ट, जी टीकाकार सोयीनं विसरतात. पाया भक्कम झाल्यावर त्यानं यूएससीशी दोन मॅचेस घेतल्या. २००१ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन १०-६ जिंकला, २००२ मध्ये घरी २७-२०. २००२ चं यूएससी म्हणजे कार्सन पामरचं यूएससी. पामरला त्या वर्षी हाइझमन मिळाली. २००३ मध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम मॅचमध्ये पहिल्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाला ३५-७. १९३४ नंतरचं पहिलं विजेतेपद. तो २००५ ला निवृत्त झाला, स्टेडियमला त्याच्या कुटुंबाचं नाव दिलं गेलं, संघ परत घसरला, २००९ मध्ये त्याला परत बोलावलं, २०१८ पर्यंत राहिला. एकूण २१५ विजय, ११७ हार, एक बरोबरी. प्रतिस्पर्धी संघातल्या जखमी किंवा चांगल्या खेळलेल्या पोरांना तो जांभळ्या शाईनं स्वतःच्या हातानं पत्रं लिहायचा. जांभळा हा कॅन्सस स्टेटचा रंग.

आता २०१ विरुद्ध १४ कडे परत येतो, कारण इथे मी स्नायडरचाही वकील नाही.

१९८९ मध्ये दुबळे प्रतिस्पर्धी घेणं ही त्याची गरज होती. १९९८ मध्ये नव्हती. देशात पहिल्या क्रमांकाला पोहोचलेल्या संघानं तीनपैकी तिन्ही मॅचेस अशा घ्याव्यात, याचं समर्थन मला जमत नाही. शिडी चढून झाल्यावर माणूस शिडीवरच बसून राहिला, असं मी त्याबद्दल म्हणेन. त्याचा तोटा त्याच्याच संघाला झाला, क्रमांकात झाला, आणि तो त्यानं भरला. पण टीकाकार जो दोष काढतात तो एवढाच असतो: क्रमवारी बिघडली, मनोरंजन झालं नाही, कोच भित्रा. पलीकडे उभ्या असलेल्या पोरांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. 'कपकेक' म्हणताना नेब्रास्काचा आर्किटेक्टही काढत नाही.

ती पोरं कोण असतात? २०१२ चं सवाना स्टेट घ्या. जॉर्जियातलं, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं, पैशाची चणचण असलेलं विद्यापीठ. मोसमाची पहिली मॅच ओक्लाहोमा स्टेटशी: ८४-०. पुढच्या शनिवारी फ्लोरिडा स्टेटशी: ५५-०, तेही विजा चमकल्या म्हणून मॅच मध्येच थांबवली तेव्हा. या दोन मॅचेसचे विद्यापीठाला मिळून ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. त्या पैशावर बाकी खेळांचे संघ चालतात, प्रवासाची बसभाडी निघतात, हे मला मान्य आहे. पण हा असा खेळ आहे ज्यात शंभर-सव्वाशे किलोची माणसं एकमेकांवर धावून आदळतात. तुमच्यापेक्षा वीस किलो जड आणि दुप्पट वेगवान माणसाशी साठ मिनिटं टकरा घ्यायच्या, त्याचा दर विद्यापीठ ठरवतं, करार विद्यापीठ करतं आणि चेक विद्यापीठ घेतं. त्या काळच्या एनसीएएच्या नियमांनुसार खेळाडूला त्यातला एक डॉलर देणं हाच गुन्हा होता. शिष्यवृत्ती मिळते ना, म्हणतात. ती घरी राहून वीस गुणांनी हरलं तरी मिळते. गुडघा फुटायला दोन हजार किलोमीटरवर पाठवण्याचे पैसे वेगळे असतात, आणि ते वेगळ्या खात्यात जातात.

स्नायडरच्या वारशावर डाग शोधायचाच असेल तर इथे शोधा. मात्र मग एकट्या स्नायडरवर थांबता येणार नाही. फ्लोरिडा, अलाबामा, ओक्लाहोमा स्टेट, आणि हो, नेब्रास्कासुद्धा. ज्यांनी ज्यांनी चेकबुक काढून दुबळा संघ बोलावला ते सगळे त्या ओळीत उभे राहतील, आणि त्यांच्यापैकी सुरुवातीला स्वतःच तळाला असण्याची सबब फक्त एकाकडे असेल.

तसंही कपकेक कायम कपकेक राहतो असं नाही. २०१३ मध्ये खुद्द स्नायडरच्या मैदानावर, मोसमाच्या पहिल्याच मॅचला, खालच्या विभागातलं नॉर्थ डकोटा स्टेट आलं आणि २४-२१ जिंकून गेलं. १९९८ चं ६२-७ वालं नॉर्थईस्ट लुइझियाना पुढे नाव बदलून लुइझियाना-मन्रो झालं आणि २००७ मध्ये त्यांनी अलाबामाला अलाबामाच्या घरात २१-१४ हरवलं. आणि ७३-७ वाल्या नॉर्दर्न इलिनॉयला सप्टेंबर २०२४ मध्ये नोत्र दामनं आपल्या मैदानावर बोलावलं. नोत्र दाम पाचव्या क्रमांकावर होतं. नॉर्दर्न इलिनॉय १६-१४ नं जिंकलं, मैदानावर पोरं आणि कोच दोघंही रडले. त्या मॅचचे १४ लाख डॉलर ठरले होते. ते विद्यापीठाच्या नावे गेले.